सर्व्हरभाऊ

आमच्या स्कीममध्ये कुणाला एखाद्या कागदाची प्रिंट हवी असेल तर तो दोन ठिकाणी जाऊ शकतो. एक, गेटबाहेरचा झेरॉक्सवाला. तिथे पाच रुपये लागतात. दुसरे, तिसऱ्या माळ्यावरचे सर्व्हरभाऊ. तिथे पाऊण तास लागतो, चहा मिळतो, आणि प्रिंट सोडून बाकी सगळं मिळतं.

भाऊ मिहानच्या एसईझेडमध्ये एका आयटी कंपनीत आहेत. रात्रपाळीत सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा बँकेचे सर्व्हर सांभाळतात. मिहान म्हणजे मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर. देशाच्या मध्यावर माल उतरवायचा, चढवायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा, अशी त्यामागची कल्पना. भाऊंच्या हॉलमधल्या खटपटीमागेही हीच कल्पना आहे. माल तेवढा ए-फोर आकाराचा.

प्रिंटर २००९ सालचा. काळा-पांढरा लेझर, मागे यूएसबीचं एकच चौकोनी भोक. वायर लावली की आजही खणखणीत छापतो. वायफायवाला नवा घेऊन टाका, असं वहिनी एकदा म्हणाल्या.

"चालता प्रिंटर आहे जी, त्याले काय झालं?" भाऊ म्हणाले. "फक्त नेटवर्कवर घ्याचा आहे."

त्या 'फक्त'ला आता चार वर्षं होतील.

पहिल्यांदा दहा मीटरची केबल आली आणि गालिच्याखालून बेडरूमपर्यंत गेली. यूएसबीची केबल पाच मीटरच्या पुढे गेली की तिचा भरवसा नसतो, हे भाऊंना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतः करून पाहणं वेगळं, असं ते मानतात. केबल अजून गालिच्याखाली आहे. पाहुणे अडखळले की भाऊ सांगतात, "ते जुनं नेटवर्क आहे."

मग सीताबर्डीहून प्रिंट सर्व्हर आला. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, एका अंगाला यूएसबी, दुसऱ्या अंगाला लॅन. घरातल्या कुठल्याही संगणकाने ९१०० नंबरच्या दारातून पानं आत ढकलायची आणि डबीने ती मुकाट्याने प्रिंटरच्या ओंजळीत टाकायची. निव्वळ हमाली. गोम अशी की भाऊंचा प्रिंटर त्या काळच्या स्वस्त जातीतला. त्याची अक्कल त्याच्यापाशी नसते, संगणकापाशी असते. रोज बटण दाबून उठवलं की आपण कोण, कशासाठी जन्मलो, हे आधी त्याच्या कानात सांगावं लागतं. फर्मवेअर पाजावं लागतं. त्यानंतर तो कामाला हात घालतो. डबीला हमाली येत होती, हे बारसं येत नव्हतं. पानं जायची, प्रिंटर हिरवा दिवा लावून बसलेला असायचा. सरकारी टेबलामागच्या साहेबासारखा सगळं ऐकून घ्यायचा, पुढे काही करायचा नाही.

राउटरच्या पाठीमागेही एक यूएसबीचं भोक होतं. त्याला पेनड्राइव्हशिवाय काही ओळखता येत नाही, हे कळण्यात एक रविवार गेला.

त्यानंतर रास्पबेरी पाय. एटीएम कार्डाएवढा संगणक, पोरासोरांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून २०१२ साली इंग्लंडात निघालेला. त्यावर भाऊंनी कप्स बसवलं.

"कप बसवले म्हणते," आईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "मग बशा कुठी आहेत?"

कप्स म्हणजे कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टीम. मायकेल स्वीट यांनी ती १९९९ साली लोकांपुढे ठेवली, २००७ मध्ये अ‍ॅपलने ती घेतली, आणि लिनक्स असो की मॅक, छापायचं म्हटलं की मागे बहुधा तीच राबत असते. ६३१ नंबरच्या दाराशी बसायचं, येईल त्याचं काम टिपून घ्यायचं, रांगेत लावायचं, प्रिंटरला समजेल अशा भाषेत ते उतरवायचं आणि त्याला फुरसत मिळाली की द्यायचं, हा तिचा धंदा. हे सगळं भाऊंनी आईंना सांगितलं. आई तेव्हा तूर निवडत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपला झेरॉक्सवाला."

भाऊंना असलं काही लागत नाही. समोरच्याने घड्याळाकडे पाहिलं की ते स्टॉलमन काढतात. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर मिळाला होता. त्यात कागद अडकायचा आणि प्रिंटर असायचा वेगळ्याच मजल्यावर. अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढी दुरुस्ती रिचर्ड स्टॉलमनना करायची होती. पण प्रिंटरच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता कुणी देईना. तो राग त्यांनी मनात ठेवला आणि १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. "मुक्त सॉफ्टवेअरची अख्खी चळवळ," भाऊ म्हणतात, "एका अडकलेल्या कागदातून निघाली." गोष्ट स्टॉलमन स्वतः सांगत आले आहेत, तेव्हा मी वाद घालत नाही. एवढंच की त्या अडकलेल्या कागदातून चळवळ निघाली, आमच्याकडे कागदही निघत नव्हता.

मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आमच्याकडे लाइन जाते. लाइन आली की राउटर घरातल्या सगळ्यांना नव्याने पत्ते वाटतो. काल सात नंबरवर राहणारा पाय आज अकरावर, आणि लॅपटॉप अजून सातचं दार ठोठावतोय. रातोरात पत्ता बदलण्याचं मिहानमध्ये कुणाला नवल वाटू नये. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव इथल्या लोकांच्या जमिनी याच प्रकल्पात गेल्या, त्यांना विचारा. त्या मानाने पायचं पुनर्वसन लवकर झालं. भाऊंनी राउटरमध्ये त्याच्या नावाने एक पत्ता कायमचा राखून ठेवला आणि खाली येऊन मला सांगितलं, "सातबारा चढवला त्याचा. आता फक्त कागदाचं पाहाचं आहे."

कागदाचं असं होतं की प्रिंटर कूलरच्या वाऱ्यात होता. ओल्या खसाची ती हवा माणसाला मानवते, कागदाला नाही. रिम सादळली. दोन-दोन पानं एकमेकांना धरून आत जायची आणि तिथेच संसार थाटायची. कूलर हलवा म्हणावं तर घरातली तीन माणसं एका बाजूला आणि प्रिंटर दुसऱ्या. शेवटी कागद हलला, तो धान्याच्या कोठीत राहायला गेला.

त्या दिवसांत आम्ही एकदा गच्चीवर बसलो होतो. मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेला विमानदुरुस्तीचा तळ आहे, २०१५ पासून. बोइंगची विमानं तिथे येतात, उघडली जातात, पुन्हा जोडली जातात आणि उडतातसुद्धा. भाऊ बराच वेळ तिकडे पाहत राहिले. "त्यांचं बरं आहे," म्हणाले, "त्यांच्यापाशी मॅन्युअल असते."

आणि मग दसऱ्याला पान निघालं! चाचणीचं एकच पान, फोनवरून पाठवलेलं, हॉलमध्ये छापलेलं. प्रिंटरला झेंडू वाहिला, हळदीकुंकू लावलं. संध्याकाळी सोनं द्यायला भाऊ घरोघरी फिरले तेव्हा आपट्याच्या पानाबरोबर प्रत्येकाला एकेक चाचणीचं पान मिळालं. माझं मी अजून जपून ठेवलं आहे. मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब आहे.

दिवाळीपासून पुन्हा सगळं ठप्प. आता मात्र भाऊ ते मान्य करीनात. फोनवर प्रिंटर दिसत होता, काम जात होतं, रांगेत लागत होतं. कुणी काही मागितलं की भाऊ बटण दाबत आणि म्हणत, "भेजलं. येते." लेकीने संत्र्यावरचा शाळेचा प्रकल्प भेजला. आईंचा पेन्शनसाठी लागणारा हयातीच्या दाखल्याचा फॉर्म गेला. मी एम्सच्या खिडकीवर द्यायचा एक कागद घेऊन गेलो, तोही गेला. मग आम्ही सगळे एकेक करून, भाऊंना कळणार नाही अशा बेताने, झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आलो. तिथे वहिनी भेटल्या. कुणी काही बोललं नाही.

भाऊंनी ड्रायव्हर तीनदा बदलला. राउटर निजवला, उठवला. एका रविवारी त्यांचा ऑफिसातला मित्र येऊन चार तास काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचून गेला. दोघांचंही मत पडलं की दोष खोल आहे.

होळीच्या संध्याकाळी आई फडकं घेऊन हॉलमध्ये आल्या. "हे वायर मी दिवाळीत काढलं होतं, पुसाले," त्या म्हणाल्या. "लावू का आता?"

भाऊंना काही क्षण शब्द फुटेना. "काहून सांगितलं नाही तू?"

"कोणी विचारलं?"

वायर बसली. पायने फर्मवेअर पाजलं. भाऊंनी थांबलेल्या रांगेला चालू हो म्हटलं. आणि कप्सची रांग काही विसरत नाही. लाइन गेली तरी नाही, वायर गेली तरी नाही. प्रिंटर जो सुटला तो कोठीतली रिम उतरू लागला. सगळ्यात आधी वीस प्रती आल्या: 'या प्रिंटरच्या वायरीला कोणीही हात लावू नये.' भाऊंनी ही सूचना दिवाळीतच भेजली होती. मागोमाग जानेवारीत उडून गेलेल्या नागपूर-पुणे विमानाचा बोर्डिंग पास आला. संत्र्याचा प्रकल्प आला, चार वेळा. हयातीचा फॉर्म आला. आईंनी तो चष्मा लावून पाहिला. "आहो मी अजून," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. रात्री अकराला दाराची बेल वाजली. भाऊ माझा एम्सचा कागद घेऊन उभे होते, अजून कोमट होता.

"पाहा, म्हटलं होतं ना, येते."

मी आभार मानले. दुसऱ्या दिवशी रंग खेळून त्यांच्याकडे गेलो तर वहिनी तो सगळा गठ्ठा मांडीवर घेऊन कात्रीने चौकोन कापत होत्या. किराण्याच्या यादीला बरे, मागची बाजू कोरीच आहे, म्हणाल्या.

भाऊंनी एक चौकोन उचलला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. "खरंच की," ते म्हणाले. "मागची बाजू कोरी राहून राहिली."

वहिनींची कात्री थांबली.

"आता फक्त," भाऊ म्हणाले, "दोन्ही बाजूनं छापाचं राहिलं."