सध्या तरी एकच स्पॉट

नानांच्या दारात उभं राहून ‘नाना, आहात का घरी?’ अशी हाक मारली, की आतून उत्तर येतं, “वाटतंय तरी तसं.” हा तिरकसपणा नव्हे. उभी नोकरी त्यांनी प्रयोगशाळेत झाडपाल्यातून औषधी द्रव्यं वेगळी करण्यात घालवली, आणि त्यातली ऐन उमेदीची वर्षं थुनेरच्या पानांना वाहिली. थुनेर म्हणजे हिमालयातला यू वृक्ष. त्याच्या अमेरिकन भाऊबंदाच्या सालीतून टॅक्सॉल निघालं, जे अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कर्करोगावर देतात. एवढ्या मोठ्या औषधाच्या सहवासात राहून माणसाच्या अंगी थोडा तोरा यायला हवा होता. नानांच्या अंगी शंका आली.

नाना खिशात पेन बाळगत नाहीत. पेन्सिल. प्रयोगशाळेत टीएलसीच्या पट्टीवर, म्हणजे द्रव्य शुद्ध असेल तर एकच ठिपका, एकच ‘स्पॉट’ दाखवणाऱ्या पट्टीवर, रेघ मारायची ती पेन्सिलीनेच, कारण शाई सॉल्व्हंटबरोबर वर चढते आणि भलतेच ठिपके दाखवते. त्यामुळे सोसायटीच्या इतिवृत्तावर नानांची सही पेन्सिलीने असते. सेक्रेटरी दर वेळी कुरकुरतात. नाना शांतपणे म्हणतात, “शाईचा भरवसा नाही.”

त्यांचं काम मी एकदा बघून आलो होतो. पानं सावलीत वाळवायची, दळायची, हेक्झेनने धुऊन मेण नि चरबी काढायची, मग मेथेनॉलमध्ये भिजत घालायची. मेथेनॉल उडवलं की फ्लास्कच्या तळाशी हिरवंकाळं डांबर उरतं. मला ते बघवेना. नाना मात्र फ्लास्क उजेडाकडे तिरपा धरून त्या डांबराचा ओघळ काचेवरून किती सावकाश उतरतो ते इतक्या मायेने न्याहाळत होते, की मी उगाचच नजर दुसरीकडे वळवली. मग ते डांबर सिलिकाच्या कॉलमवर चढवायचं आणि खालून थेंबथेंब नळ्या भरत बसायचं. प्रत्येक नळीला नंबर. वहिनींच्या फ्रिजमधल्या डब्यांवर ‘आमटी, फ्रॅक्शन ३’ अशा चिठ्ठ्या असतात त्या याच वळणाच्या. अर्थात पेन्सिलीने.

आणि एवढं करून शेवटी एचपीएलसी यंत्राच्या कागदावर नेमक्या वेळेला नेमका सुळका उगवला, पोरं टाळ्या पिटायला लागली, तरी नाना मान हलवत. “सेफॅलोमॅनिन असेल.” हा टॅक्सॉलचा जुळा भाऊ. अंगलट तीच, फक्त बाजूच्या साखळीच्या टोकाला जरासा फरक. कॉलममधून दोघे गळ्यात गळे घालून उतरतात. त्यांची फारकत करता करता नानांचे केस गेले असं वहिनींचं म्हणणं. नानांच्या मते कारण अजून सिद्ध व्हायचंय.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो नाही, 1971 सालच्या शोधनिबंधाचं पहिलं पान आहे. टॅक्सॉलची रचना त्यात पहिल्यांदा छापली गेली. लेखकांत मन्रो वॉल आहेत आणि मनसुख वाणी आहेत. वाणींचा जन्म आपल्या नंदुरबारचा. नवा विद्यार्थी आला की नाना त्याला ते पान दाखवत. “बारा किलो वाळलेली साल, हाती आलं अर्धा ग्रॅम. आहे तयारी?” बरीच पोरं दुसऱ्या दिवसापासून संगणकशास्त्राकडे वळत.

शेजारच्या आजींना हेच औषध लागलं, तेव्हा नाना इस्पितळात गेले आणि तब्येतीची विचारपूस करायच्या आधी त्यांनी बाटलीवरचं लेबल वाचलं. आजींनी विचारलं, “काय रे असतं यात?” हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या तेलात आणि अल्कोहोलात मिसळतात आणि मग सलाइनमधून शिरेत सोडतात, असं नानांनी सविस्तर सांगितलं. आजी म्हणाल्या, “म्हणजे शेवटी एरंडेलच! लहानपणी आईने नाक दाबून पाजलं, आता हे हातातून पाजतायत.” त्या दिवशी नाना हसले. मी स्वतः पाहिलंय.

गेल्या ऑक्टोबरात सोसायटीची सहल गढवालात चोपत्याला गेली. समोर चौखंबा लख्ख उघडा पडलेला, सगळे फोटोंत गर्क, आणि नाना हिमशिखरांकडे पाठ करून एका काळपट झाडाची साल चाचपत उभे. कुणीतरी आधीच खरवडलेली होती. “पानं घ्यावीत की,” नाना पुटपुटले. “साल काढली की झाड मरतं.” फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या चमूने यूच्या पानांतूनच टॅक्सॉलचा कच्चा माल मिळवला, पानं पुन्हा फुटतात, हे सहलीतल्या कुणालाच ऐकायचं नव्हतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी फांदीवरचं लालचुटूक फळ तोडलं. आणि नाना ओरडले. “काकू, टाका ते! पान, साल, बी, सगळं विष आहे!” इतक्या ठामपणे बोललेलं वाक्य नानांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी घाबरत विचारलं, “आणि हा लाल गर?” नानांचा आवाज लगेच खाली आला. “तो विषारी नाही. म्हणजे… आजवर तरी कुणाला आढळलेला नाही.”

अशा माणसाला लग्नाच्या बैठकीला न्यायचं नाही, हे वहिनींना कळत होतं. पण पुतण्याचं स्थळ, मोठा काका नको कसा? पोहे झाले. मुलीच्या मामांनी थेट नानांनाच गाठलं. “तुम्ही घरातले वडीलधारे. मुलगा कसा आहे, मोकळेपणाने सांगा.”

नाना विचारात पडले. प्रश्न गंभीर होता आणि उत्तर प्रामाणिक द्यायला हवं होतं.

“सध्या तरी एकच स्पॉट दिसतोय,” ते म्हणाले. “पण एका सॉल्व्हंटमध्ये बघून काही कळत नाही. दोन-तीन सॉल्व्हंटमध्ये घालून बघायला पाहिजे.”

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, वहिनींकडे झुकून हळूच विचारलं, “मुलगा घेतो का?”