पंखा फिरतोय, पण वारा कुठं जातोय?

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
14 जुलै 2024

ती. बाबा आणि सौ. आईस,


गाडी सोडून बाकी सगळे इकडे खुशाल आहोत. आई, तू फोनवर विचारलंस की जावईबापू एवढे का रोडावले. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र.

जावईबापूंची, म्हणजे मंदारची, गाडी तुम्ही फोटोत पाहिलीच आहे. 1990 सालची, दोन सीटांची, छत मागे टाकता येणारी, दिवे लावले की ते बॉनेटमधून वर उठतात अशी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर बाबा किंमत शोधून काढतील. इथल्या कोरड्या हवेत पत्रा गंजत नाही, म्हणून जुन्या गाड्यांना इकडे मान. पण रबर आणि प्लास्टिक भाजून निघतं. 2023 च्या उन्हाळ्यात तर सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. अशा गावात या माणसाने तापणारी गाडी घेतली.

दुखणं असं: फ्रीवेवर गाडी शहाण्यासारखी पळते. सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा चढायला लागतो. मंदारने निदान केलं, थर्मोस्टॅट अडकला असणार. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, 80-90 अंशांच्या आसपास उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. ती उघडते का हे बघायला त्याने ती दोऱ्याला बांधून पातेल्यात उकळली. पातेलं कुठलं? आई, तू दिलेलं दुधाचं! झडप ठणठणीत निघाली, पातेलं मात्र बाद झालं. कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष. त्या झडपेला ते लागलेलं होतं. आता त्या पातेल्यात नट-बोल्ट राहतात.

मग नवी झडप आली (जुनी चांगली होती तरी), नवं कूलंट आलं, रेडिएटरचं नवं झाकण आलं. झाकणाचं काम प्रेशर कुकरसारखं: आत दाब धरून ठेवायचा, म्हणजे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नसतं. हे मला बाबांमुळे लहानपणापासून पाठ होतं. मंदारला मी ऐन वेळी हात धरून शिकवलं.

एवढं करूनही सिग्नलला काटा वरच. त्यावर त्याने उपाय काढला, हीटर लावायचा. हसू नका, उपाय खरा आहे. इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, ब्लोअर ती उष्णता आत फेकतो आणि इंजिनला तेवढाच दिलासा मिळतो. इंजिनला मिळाला. आम्ही दोघं बाहेर 44 अंश असताना छत उघडं टाकून हीटर फुल लावून सिग्नलला बसलेलो. शेजारच्या ट्रकमधला माणूस काच खाली करून आम्ही ठीक आहोत ना, असं विचारून गेला. जावईबापू रोडावले ते असे.

रेडिएटरच्या पंख्यावर मात्र कोणालाच संशय नव्हता, कारण तो व्यवस्थित घरघरत होता. मग एका रविवारी बाबांनी व्हिडिओ कॉलवर दोनच गोष्टी विचारल्या. "पळताना थंड, उभी राहिली की गरम?" हो. "मग पंखाच बघा. फिरतोय ते ऐकू येतंय, पण वारा कुठं जातोय?" मंदार म्हणाला, पंखा आहे म्हणजे वारा येणारच. बाबा, तुम्ही तेव्हा जो चेहरा केलात तो मी एस. टी.च्या सातारा डेपोत तुमच्या हाताखाली नवीन पोरं आली की पाहिलेला आहे.

मी कालनिर्णयचं जूनचं पान फाडून रेडिएटरसमोर धरलं. पंखा मागे असतो, त्याने पान जाळीकडे ओढून घ्यायला हवं. पान माझ्या तोंडावर आलं. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी मोटर बदलताना दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. डीसी मोटर ती. वायरी उलट्या, तर फिरणं उलटं. बॉनेटखालची गरम हवा ती इमानदारीने पुढे ढकलत होती. पळताना समोरचा वाराच एवढा जोरात येतो की पंख्याची गरज नसते, म्हणून फ्रीवेवर लक्षात आलं नाही. एस. टी.चा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा असला वात्रटपणा करू शकला नसता, हे बाबांनी फोन ठेवेपर्यंत ऐकवलं.

प्लगमधल्या दोन पिना मंदारने अदलाबदल केल्या. खर्च शून्य. झडप, झाकण आणि कूलंटचं बिल त्याने कुठंतरी ठेवलंय, मला सापडत नाही. काटा आता सिग्नललाही जागचा हलत नाही.

आई, डिसेंबरात येताना दुधाचं एक पातेलं आण. मंदार म्हणतोय, जरा मोठं आणायला सांग. त्याचं ऐकू नकोस.

तुमची,
रेवा