त्याच्यात माणूस आहे

उन्हाळी शिबिरात पोरांपुढे बोलायला कुणी तयार झालं नाही की आयोजक माझ्याकडे येतात. यंदा सावेडीतल्या एका शिबिराचा फोन आला. "मुलं हल्ली जपानी कार्टून फार बघतात. त्यावर बोलाल का काही?" मी म्हणालो, "कार्टून नाही हो, ॲनिमे म्हणतात त्याला." एवढ्या एका शब्दावर माझी तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली.

विषय मीच दिला, 'महाकाय यंत्रमानवांचे ॲनिमे आणि त्यांचा जगप्रवास'. वहीत टिपणं काढली. 'ग्रेंडायझर' फ्रान्समध्ये 1978 साली 'गोल्डोराक' या नावाने लागलं आणि तिथली पोरं वेडी झाली. फिलिपीन्समध्ये 'व्होल्टेस फाइव्ह' इतकं चाललं की 1979 साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी शेवटचे भाग दाखवायच्या आधीच ते बंद करायला लावलं. टिपणं चांगली होती. पण माझा हुकमाचा एक्का वहीत नव्हता, तो मी स्वतः होतो. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात 'जायंट रोबोट' लागायचा आणि तो मी पाहिलेला होता. म्हणजे नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरच म्हणते) आद्य ॲनिमेप्रेक्षक मीच, असा माझा कित्येक वर्षांचा दावा होता. आजवर तो कुणी खोडला नव्हता, कारण आजवर तो कुणी ऐकूनच घेतला नव्हता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर फुटी रोबोट, डोक्यावर मिसरच्या राजासारखा टोप, बोटांतून क्षेपणास्त्रं सुटायची. तो ऐकायचा फक्त जॉनी सोको नावाच्या एका पोराचं. जॉनी मनगटावरच्या घड्याळात तोंड घालून हुकूम सोडायचा आणि रोबोट उडायचा. मालिका मूळ जपानी, 1967-68 सालची, 26 भागांची. अमेरिकेत तिच्यावर इंग्रजी चढवलेलं. आमच्या गावात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

गाव विळदच्या अंगाला. तिथून खारे कर्जुने जवळ, म्हणजे लष्कराची के. के. रेंज. रणगाड्यांच्या तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या मांडणीतली पातेली वाजायची आणि शेळ्या दावं ओढायच्या. मोठ्या माणसांना त्याचं काहीच वाटत नसे. मला मात्र एक शोध लागला होता. तोफ एकदा वाजली की थोड्या वेळाने पुन्हा वाजते. मग पहिला आवाज झाला की मी वडिलांचं एचएमटी तोंडाशी धरायचो (ते माझ्या मनगटात न बसता थेट कोपरापर्यंत चढायचं), दहा-बारा आकडे मोजायचो आणि ओरडायचो, "रोबोट, फायर!" धडाम. पोरं माझ्याकडे बघतच राहायची. एका फायरला पाच गोट्या किंवा खिसाभर बोरं, असा माझा दर होता.

धंदा बुडाला तो हावेपायी. शेजारचा धाकटा म्हणाला, "आसा लांब कुढं तरी काय मारतो? गुरुजींची सायकल उडीव की." खरं तर तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण वीस गोट्या समोर मांडलेल्या. मी सायकलीकडे बोट केलं, घड्याळ तोंडाशी धरलं आणि ओरडलो. काहीच झालं नाही. पुन्हा ओरडलो. तोफखाना बहुधा जेवायला गेला होता. मागून गुरुजींचा आवाज आला, "कुणाची सायकल उडवतोय रे?"

घड्याळ त्यांच्या हातून वडिलांकडे गेलं. त्या रात्री धडाम धडाम झालं, पण ते के. के. रेंजवर नव्हे.

हा सगळा इतिहास मी शिबिरात रंगवून सांगितला. मार फक्त गाळला. पोरं हसत होती, मी फुलत होतो. एक अडचण होती. मालिकेचा शेवटचा भाग मी पाहिलेलाच नव्हता, ऐन वेळी लाईट गेली होती. पण व्यासपीठावर असल्या गोष्टी आड येत नाहीत. मी सांगून टाकलं, "शेवटी दुष्ट सम्राट गिलोटिन हरतो, जॉनी घड्याळात हुकूम देतो आणि रोबोट शांतपणे समुद्राच्या तळाशी जाऊन झोपतो."

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. आठवीतली असेल. "सर, हा ॲनिमे नाहीये. त्याच्यात माणूस आहे."

"म्हणजे?"

"रोबोटचा ड्रेस घालून माणूस चालतोय. त्याला तोकुसात्सु म्हणतात. ॲनिमे म्हणजे चित्रांचं. जायंट रोबोचा ॲनिमे 1992 ला आला, तो वेगळा."

मी हसलो. असल्या वेळी वक्ते हसतात. मग मोगली आठवला आणि आणखीच वाईट वाटलं. दूरदर्शनवर 1993 साली 'जंगल बुक' लागायचं, ते अस्सल जपानी ॲनिमे होतं आणि तेव्हा मी कॉलेजात असल्यामुळे ते पोराटोरांचं म्हणून बघत नव्हतो.

"आणि सर, तो समुद्रात जात नाही," ती म्हणाली. हातात मोबाईल होताच. गिलोटिनवर मारा केला असता तर त्याचा स्फोट होऊन पृथ्वीच गेली असती. म्हणून रोबोट त्याला कवळ्यात धरून आकाशात उडतो आणि उल्केवर आदळतो. जॉनी खालून परत ये, परत ये म्हणून घड्याळात ओरडत असतो. तो ऐकत नाही.

सभागृहात कुणी बोलेना. आयोजकांनी घाईघाईने नारळ आणि शाल पुढे केली.

रात्री तो भाग शोधून पाहिला. रबरी पोशाखाला कोपरावर घड्या पडतात, त्या स्पष्ट दिसतात. माणूसच होता. जॉनी ओरडायला लागला तेव्हा मी चष्मा पुसला. बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, लाईट नव्हती तेव्हाचं राहिलं होतं."

शिबिरवाल्यांना एक विनंती. पुढच्या उन्हाळ्यात या विषयावर त्या मुलीलाच बोलवा. शालीचा खर्च करू नका, माझी अजून घडीसुद्धा मोडलेली नाही.