शेवंतीला रात्र मिळेना

"काकू, कढीपत्त्याचे दोन डहाळे घेऊ का हो?"

"घे की. त्या शेवंतीकडे मात्र बघू नकोस, मेलीचा रागच येतो. उद्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार आणि औषधालासुद्धा कळी नाही. शेणखत घातलं, पेंड घातली. आमचे हे म्हणतात, दृष्ट लागली."

"दृष्ट नाही काकू, दिवा लागलाय. आमच्या फाटकावरचा. गणपतीत बसवला ना, तो रात्रभर चालू असतो."

"दिव्याचं काय मध्येच?"

"शेवंतीला लांब आणि सलग रात्र लागते. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की पानांना ते कळतं, मग ती कळी धरते. अंधारात उजेड पडत राहिला की तिच्या लेखी अजून उन्हाळाच. म्हणून नुसती पानांनी माजलीय."

"पानांना कळतं म्हणे! कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या भावाचं पॉलीहाऊस आहे ना. फुलं उशिरा हवी असली की तो रात्री बल्ब लावतो, लवकर हवी असली की संध्याकाळीच काळं कापड ओढतो. आणि हे आजचं नाही हो. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड म्हणून दोघे होते, त्यांचा तंबाखू उन्हाळाभर ताडमाड वाढायचा, पण फुलायचा नाही. रोज दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवला, तर भर उन्हाळ्यात फुलला. १९२० साली छापलंय त्यांनी."

"तंबाखूचं नाव ह्यांच्यासमोर काढू नकोस, निमित्तच हवंय... अगं थांब! वृंदावनामागची ती कुंडी बघ. ह्याच शेवंतीचं रोप आहे ते."

"अगंबाई, कळ्या! एक, दोन... सात आहेत. वृंदावनाची सावली पडते ना तिथे."

"म्हणजे तुळशीनं राखली आणि तू बुडवलीस! मालव तो दिवा आधी."

"मी मालवते हो, पण सासूबाई उठून परत लावतात. चोराची भीती."

"मग मी गोणपाट टाकू?"

"गोणपाटातून उजेड झिरपतो. जाड काळं कापड घ्या, सहाला टाका आणि सकाळी आठवणीनं काढा. एक दिवसही चुकवू नका. महिन्याभरात कळी दिसेल."

"महिन्यात? म्हणजे मार्गशीर्ष गेलाच की! मग उरलेल्या गुरुवारच्या वेण्या तुझ्याकडून. आणि डहाळा एकच तोड."