बॅटरीकाका

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आडनाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. बाकी पुण्यातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ते बॅटरीकाका. रिटायर झाल्यावर त्यांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली. ती जिन्याखाली धूळ खाते. बॅटरी मात्र वर येते. फेरी मारून आले की किल्ली फिरवून ती खटकन सोडवायची, नॅपकिनात गुंडाळायची आणि छातीशी धरून जिना चढायचा. वजन तीनेक किलो, म्हणजे सुदृढ तान्ह्याइतकं. एका नव्या भाडेकरणीने जिन्यात थांबवून विचारलंही, "मुलगा की मुलगी?"

घरी आल्याआल्या चार्जिंग नाही. "तापून आलीये, जरा निवू दे." अर्धा तास पंख्याखाली. आतून काकू म्हणतात, "मी भाजीच्या पिशव्या घेऊन आले, तेव्हा पंखा बंद होता!" मग चार्जर लागतो, तोही दाराजवळ नाही (आग लागलीच तर पळायची वाट तीच), आणि रात्री झोपताना तर नाहीच. दूध तापत ठेवल्यासारखे काका समोर खुर्ची टाकून बसतात. घरातला सगळ्यांत गार कोपरा बॅटरीला मिळालाय. मोरांब्याची बरणी तिथून फ्रिजवर गेली, ते काकूंनी अजून माफ केलेलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये दोघं मुलीकडे न्यू जर्सीला निघाले. पासपोर्ट शोधायच्या आधी काका बॅटरी आणि मल्टिमीटर घेऊन माझ्याकडे. "छत्तीस व्होल्टची आहे. पूर्ण भरली की बेचाळीस दाखवते. पण तू छत्तीस-सदतीसवरच ठेव. लिथियमला भरल्या पोटी, उकाड्यात पडून राहणं सोसत नाही. अगदी रिकामीही नको. अर्धपोटी बरी." जाता जाता म्हणाले, "ही बॅटरी ज्यांच्यामुळे झाली, त्या गुडइनफना २०१९ साली नोबेल मिळालं, तेव्हा वय सत्त्याण्णव! तोही माणूस अर्धपोटीच जेवत असणार." हा शोध मात्र काकांचा स्वतःचा.

माझी आई इन्व्हर्टरच्या जमान्यातली. शिशाची बॅटरी उतरलेली राहिली की मेलीच, हे तिला पक्कं ठाऊक. शिवाय पाहुणी आपल्या घरी चार महिने अर्धपोटी? एका दुपारी तिने पोटभर चार्ज केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल. काकांच्या मागे नात रडत होती. "आधी मीटर दाखव." मी दाखवला. बेचाळीस.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग बारीक आवाजात, "सायकलची किल्ली टीव्हीखालच्या खणात आहे. तिला आत्ताच फिरवून आण. ऊन चढायच्या आत."

"मला काही होत नाही हो उन्हाने."

"तुझं कोण म्हणतंय! आणि पेडल मारू नकोस. नाहीतर ती उतरायची नाही."

पाऊण तासाने पुन्हा फोन. "कुठे पोचलास?"

"धनकवडी."

"मग कात्रजच्या बाजूला घे. चढावर लवकर उतरते."