तिकीट मुलाचं, तास पालकांचा

मॉलमधल्या 'प्ले एरिया'कडून पुणेकर पालकांच्या अपेक्षा तशा माफकच. एसी हवा, वायफाय हवं, कॉफी बरी हवी आणि खुर्चीजवळ चार्जिंगचा प्लग हवा. हो, मुलांना खेळायलाही काहीतरी असावं! दारातच तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे विकत घ्यायचे. साधे चालत नाहीत, आणि मागच्या वेळचे नेमके घरी राहिलेले असतात. आत चिरंजीव प्लॅस्टिकच्या चेंडूंत गळ्यापर्यंत बुडालेले, बाहेर तीर्थरूप रील्समध्ये. १९५६ साली सुरू झालेली 'फुलराणी' ही मुलांची छोटी आगगाडी पेशवे पार्कात आहे की, पण बागेत धूळ असते म्हणे. शिवाय तिथे झोका मागून ढकलावा लागतो, तोही स्वतःच्या हातांनी. मोजे मुलाला घाला, पण पावती मात्र पालकांच्याच नावे फाडा.