दुनळीवाले आबा

इनामे खालसा झाली, वाड्याचा सोपा खचला, तरी ज्या दिवाणखान्यात सांबराचे मस्तक शिंगांसह धूळ खात शाबूत असते, तेथे दुनळीवाले आबा हटकून आढळतात. वाघ मारलेला असतो तो त्यांच्या तीर्थरूपांनी. आबांच्या नावावर तितरांपलीकडे फारशी हिंसा जमा नसते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने तेवढाही पराक्रम संपुष्टात आल्यामुळे त्यांची सर्व क्षात्रवृत्ती बंदुका पुसण्यात व्यतीत झालेली असते.

तीर्थरूपांना बंदूक वाजली म्हणजे पुरे असे; आबांच्या लेखी ती विद्या आहे. पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच लोखंडी कपाटातून बर्मिंगहॅमची ग्रीनर बाहेर येते, आणि नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात म्हणून ती बारा बोअरची, उजवी नळी जवळच्या पाखरासाठी मोकळी आणि डावी छर्रे दूरवर एकत्र राहावेत म्हणून तोंडाशी किंचित आवळलेली, असे निरूपण चहा निवेपर्यंत चालते. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात अॅन्सन आणि डीली या दोघांनी बाहेर दिसणारे घोडे यंत्राच्या पोटात दडवले. या घटनेपुढे आबांना फ्रेंच राज्यक्रांती किरकोळ वाटते.

पुण्यास संगणकाच्या कचेरीत असलेल्या चिरंजीवांना मात्र या शस्त्रागारात केवळ एक दफ्तर दिसते: परवान्याचे नूतनीकरण, निवडणूक लागली की ठाण्यात बंदुका जमा करणे, पावती सांभाळणे. ग्रीनर असो वा आणखी कोणी, परवान्यावर साऱ्यांची जात ‘डीबीबीएल’, म्हणजे दुनळी, हीच, यातच त्यांना समानतेचे तत्त्व सिद्ध झाल्यासारखे वाटते. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका परवानेदारास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मुभा राहिली, तेव्हा तिसरी बंदूक सरकारजमा करून आलेल्या आबांनी तेरा दिवस गोडाचा घास घेतला नाही. चिरंजीवांनी मात्र एक अर्ज कमी झाला म्हणून पेढे आणले. मला यात चिरंजीवांचा दोष दिसत नाही. ज्याने रान पाहिले नाही, फक्त रांग पाहिली, त्याने प्रेम तरी कशावर करावे?

वंश खुंटला असे आबांनी ठरवलेच होते, इतक्यात नात ट्रॅप शूटिंग शिकू लागली. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले ते दुनळीवरच, हे आबांनी गावभर सांगितले. सुटीत आलेल्या नातीने ग्रीनर न्याहाळून विचारले, “आबा, नळ्या शेजारी शेजारी कशाला? आमच्या क्लबात एकावर एक असतात. नेम एका रेषेत राहतो.”

“एकावर एक? बंदूक आहे की गिरगावातली चाळ?” आबा गरजले.

तिने वाद घातला नाही. नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि म्हणाली, “केवढी हलकी आहे हो ही! माझीने तर हात भरून येतात.”

परवान्यास वयाची एकवीस वर्षे पूर्ण लागतात, आणि नात अद्याप अकरावीत आहे. मधुमेहाच्या गोळ्या आजवर उशीखाली लपवणारे आबा हल्ली त्या घड्याळ लावून घेतात.